खोडलेला दहाचा आकडा: नववी 'अ'मधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. अनुदानित शाळा, आठवीपासून सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मी विज्ञान शिकवते आणि त्या वर्षी नववी 'अ'ची वर्गशिक्षिका होते. शाळा, गाव किंवा मुलं ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत, काही गाळले आहेत.

आमच्याकडे 'अ' तुकडी म्हणजे आठवीच्या निकालातली वरची 46 मुलं. प्रत्येक घटक चाचणीनंतर जिन्याजवळच्या काचफलकात नंबरवार यादी लागायची. बसायची जागाही त्याच क्रमाने. पहिल्या दहा जणांना 26 जानेवारीला व्यासपीठावर बोलावून बक्षीस. यादी लागली की पाच मिनिटांत तिचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जायचा आणि संध्याकाळी घरोघरी तीच चर्चा. शाळेबाहेर मुख्य चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स, त्यावर मुलांचे फोटो आणि खाली टक्के, दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसकट.

त्या दोन आकड्यांसाठी पालकांना दोष देणं मला पटत नाही. दहावीला 600 पैकी गुण असतात, त्यातले बेस्ट ऑफ फाइव्ह धरले की 500. म्हणजे एक गुण बरोबर 0.20 टक्के. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो आणि हवं ते कॉलेज एका गुणाने हुकलेली मुलं प्रत्येक गल्लीत आहेत. बोर्डाने राज्याची गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली. ती यादी गावोगाव आम्हीच पुन्हा उभी केली.

अंतर्गत गुणांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रकरण तिथेच सुरू होतं. लेखी परीक्षेत जे मोजता येत नाही ते पाहण्यासाठी प्रत्येक विषयात 20 गुण ठेवलेले असतात: बोलणं, उपक्रम, प्रयोग. 2018-19 या वर्षी बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. दहावीचा निकाल 2018 च्या 89.41 टक्क्यांवरून 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या घसरणीला एकच कारण नव्हतं. पण ते 20 गुण शाळांशाळांत कसे 'दिले' जातात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं. मीही देत होते.

अडचण कुठे दिसली

ऑगस्टमध्ये धाराविद्युतचा धडा संपवून ओहमच्या नियमाचा प्रयोग घेतला. प्रयोगशाळेत चार टेबलं आणि साहित्याचे चारच संच. दोन टेबलांवर 5 ओहमचे रेझिस्टर होते, दोनांवर 10 ओहमचे. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं, कपाटात होतं ते मांडलं. एका ॲमीटरचा काटा मुळात शून्यावर बसत नव्हता.

पुढच्या आठवड्यात जर्नल तपासायला घेतल्या. 46 जर्नल, उत्तर एकच: 5 ओहम. निरीक्षण तक्त्यातलं प्रत्येक रीडिंग आखल्यासारखं. व्होल्टेज दुप्पट, तर करंट बरोबर दुप्पट. आलेख सरळ रेषेत, एकही बिंदू इकडेतिकडे नाही. आधीच्या पाच वर्षांत अशाच जर्नलवर मी 'उत्तम' लिहून सही केली असणार. त्या दिवशीही केलीच असती, पण एका जर्नलमध्ये 5 च्या खाली खोडरबराने पुसलेला 10 दिसला. पेन्सिल दाबून लिहायची सवय असलेल्या मुलाचा आकडा कागदात रुतून राहिला होता.

हा मुलगा एकतिसाव्या नंबरचा. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या पंपांच्या मोटारी तिथे दुरुस्तीला येतात. त्याला एकट्याला बोलावून विचारलं, "हे 10 का खोडलंस?"

"बाई, आमच्या टेबलावर 10 च येत होतं. दुकानात मल्टिमीटरवर मोजतो ना, त्यामुळं अंदाज होता. पण पहिल्या नंबरवालीचं 5 आलंवतं. म्हटलं आपलंच चुकलं."

समोर काटा 10 दाखवतोय, हाताला सवय आहे, डोळ्यांना दिसतंय, तरी नंबर पाहून त्याने स्वतःचं खरं निरीक्षण पुसलं. तो आळशी नव्हता, लबाडही नव्हता. वर्षभर काचफलकाने त्याला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे तो वागला होता.

मग पहिल्या नंबरच्या मुलीशी बोलले. तिच्या टेबलावर तर तो बिघडलेला ॲमीटर होता, म्हणजे तिचं रीडिंग पाचही यायला नको होतं. तिने काही लपवलं नाही. "रीडिंग बरोबर येत नव्हतं बाई. मागच्या वर्षीच्या ताईची जर्नल होती माझ्याकडे. चुकीचं लिहिलं असतं तर मार्क गेले असते." तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या तपासणीत 'अचूक उत्तर' याला गुण होते. 'काटा शून्यावर नाही हे ओळखलं' याला शून्य गुण होते.

त्यानंतर वर्गाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. तापाने आठवडाभर घरी राहिलेल्या मुलीला शेजारणीने वही दिली होती, पण त्यातली महत्त्वाची दोन पानं 'घरी राहिली' होती. शंका विचारणं जवळपास बंद पडलं होतं. "कळलं का?" म्हटलं की 46 माना डोलायच्या, आणि तास संपल्यावर दोघं-तिघं जिन्यात गाठून हळूच विचारायची. वर्गात विचारलं की बाकीच्यांना कळतं, आपल्याला येत नाही.

एका तासाला मी गुणांशिवाय एक प्रश्न दिला: घरातला एक बल्ब उडाला तरी बाकीचे चालू का राहतात? सिरीज आणि पॅरललच्या व्याख्या सगळ्यांनी इंग्रजीतून बिनचूक लिहिल्या. कारण सांगितलं अकरा जणांनी. रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा त्या अकरांत होता. पहिल्या पाचातले तिघं नव्हते.

समोरचे पर्याय

हे सगळं मी मुख्याध्यापक सरांकडे नेलं आणि विषय शिक्षकांच्या बैठकीत मांडला गेला. बैठक दीड तास चालली.

गणिताच्या सरांचं म्हणणं होतं, काही करू नये. "बाई, स्पर्धा आपण नाही लावली. पुढच्या वर्षी बोर्ड आहे. यादी काढली तर पोरं सैल पडतील, आणि निकाल खाली आला की तोंड आपल्यालाच द्यायचंय." यात तथ्य होतं. पहिल्या आठ-दहा मुलांना यादी पळवत होती, हे मीही पाहिलं होतं. दहाव्या नंबरच्या खालच्यांचं काय, हा प्रश्न मात्र बैठकीत कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. तो मला रात्री घरी सुचला.

दुसरा पर्याय शिक्षेचा. सगळ्यांची जर्नल रद्द, शून्य गुण, पालकांना चिठ्ठी. मला तो पटेना, कारण उतरवण्याची सवय आमच्यापर्यंत पोचत होती. शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायचं ठरलं. त्या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात, आणि मार्चमध्ये स्टाफरूममध्ये बसून आम्ही त्यातूनच उतरवतो. 'प्रयोग काळजीपूर्वक करतो' हे वाक्य मी स्वतः कित्येक मुलांच्या नावापुढे लिहिलं आहे, त्यांचा प्रयोग न पाहता.

तिसरा, यादीच बंद करायची. इथे मुख्याध्यापक सर अडले आणि त्यांची अडचण समजून घ्यायला मला वेळ लागला. गावात इंग्रजी माध्यमाची एक नवी शाळा निघाली होती. यादी बंद झाली, 'इथे अभ्यासाचं बघत नाहीत' असं पसरलं आणि पंधरा-वीस मुलं गेली, तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक तुकडी कमी होणार, एक शिक्षक अतिरिक्त ठरणार. "कोण ते आपल्याला माहीत आहे," ते म्हणाले. आम्हालाही माहीत होतं. सगळ्यात शेवटी लागलेली आमची चित्रकलेची बाई समोर बसली होती.

चौथा पर्याय माझा होता: तपासण्याची पद्धत बदलायची. बी.एड.ला असताना रूथ बटलर यांचा 1988 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला होता. मुलांचे गट केले, एकाला नुसते गुण दिले, एकाला नुसता शेरा, एकाला दोन्ही. शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण दिसले की नजर तिथेच थांबते, पुढचं कोणी वाचत नाही. वीस वर्षं शेरे लिहिताना हे माझ्या लक्षात असायला हवं होतं.

ठरलं ते असं: फक्त नववी 'अ', फक्त दुसऱ्या सत्रापुरतं. यादी काचफलकात लागणार नाही, गुणपत्रक ज्याचं त्याच्या हातात मिळेल. बसायची जागा दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून. 26 जानेवारीचं बक्षीस आहे तसं राहील. विज्ञानात मी माझ्या पद्धतीने तपासेन, गणितात सर त्यांच्या.

काय केलं

ओहमचा प्रयोग दिवाळीनंतर पुन्हा घेतला. आधी फळ्यावर लिहून दिलं की उत्तराला 1 गुण, स्वतःच्या रीडिंगला 2, आणि रीडिंग असं का आलं याच्या कारणाला 2. बिघडलेला ॲमीटर तसाच ठेवला. रिवाइंडिंगवाल्याच्या मुलाला त्याच्या वडिलांचा मल्टिमीटर आणायला सांगितलं. तो दोन घेऊन आला.

त्या दुपारी प्रयोगशाळेत जो गोंगाट झाला तो मला फार वर्षांनी ऐकू आला. "तुझं 10 कसं काय, आमचं 5 आहे" यावरून दोन टेबलांत भांडण लागलं. शेवटी त्या मुलाने रेझिस्टर सोडवला, मल्टिमीटर लावला आणि दाखवलं. दुसऱ्या टेबलावर पहिल्या नंबरची मुलगी काट्याकडे वाकून बघत होती. करंट बंद असताना काटा 0.1 वर उभा होता. तिने विचारलं, "म्हणजे प्रत्येक वेळी 0.1 वजा करायचं का, बाई?" जूनपासून तिने वर्गात उघडपणे विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

चाचणीचे पेपर मी दोन टप्प्यांत परत दिले. आधी नुसता शेरा: काय बरोबर, कुठे अडलं, आता काय करून बघ. दोन दिवसांनी दुरुस्ती करून आणली की गुण. 46 पेपरांवर असा शेरा लिहायला मला चार रात्री लागायच्या, तेव्हा जानेवारीपासून दर वेळी अर्ध्याच वर्गाला शेरा लिहिला, बाकीच्या अर्ध्यांना पुढच्या वेळी.

एक गोष्ट साफ चुकली. सहकार्य वाढावं म्हणून मी चार-चारांचे गट केले आणि गटाची सरासरी प्रत्येकाच्या उपक्रमाच्या गुणांत धरली. आठवड्याभरात हुशार मुलांनी सगळं काम स्वतःकडे ओढलं आणि गटातल्या कच्च्या मुलांना "तू हात लावू नकोस, आमचे मार्क जातील" असं सुनावलं. एका मुलीची आई शाळेत आली, डोळ्यांत पाणी होतं. "बाई, आधी ती फक्त मागं होती. आता सगळ्यांवर ओझं झालीय म्हणतात." तिसऱ्या आठवड्यात ते गुण रद्द केले. आधी ती आकड्यांची शर्यत एकट्याची होती, मी ती चौघांची केली होती.

पालकसभेत पहिल्या नंबरच्या मुलीचे वडील उठले. "यादी नाही, तर आमची मुलगी कुठं आहे हे आम्हाला कळायचं कसं?" ते चढ्या आवाजात बोलत नव्हते, खरंच विचारत होते. मी तिचं पान दाखवलं: धड्यांतल्या घटकांपुढे 'स्वतः करते', 'मदतीने करते', 'अजून अडतं' अशा खुणा. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "हे चांगलं आहे. पण ही बाकीच्यांच्या पुढं आहे का मागं?" त्याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. दुसऱ्या पालकांनी विषय बदलला म्हणून मी सुटले.

काय झालं

यादी गेली असं आम्हाला वाटत होतं. जानेवारीच्या चाचणीचे गुण हातात पडले त्याच संध्याकाळी मुलांनी एकमेकांना फोन करून सगळे आकडे जमवले आणि मोबाइलवर पूर्ण यादी तयार केली, नंबरवार, बेरजेसकट. आमच्या यादीपेक्षा नीटनेटकी. काचफलक बंद केल्याने स्पर्धा संपली नाही. फरक एवढाच पडला की जिन्यात उभं राहून मोठ्यांच्या घोळक्यात स्वतःचं नाव खालून शोधण्याची वेळ कोणावर आली नाही. खालच्या पंधरा-वीस मुलांसाठी हा फरक मोठा होता, हे त्यांच्या हजेरीवरून दिसलं. चाचणीनंतरचे दोन दिवस घरी राहणारी मुलं आता येत होती.

फेब्रुवारीत अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग झाला. आरशांचं नाभीय अंतर 15 सेंटिमीटर. जर्नलमध्ये 14.6 होतं, 15.2 होतं, आणि एका गटाचं 17. त्यांनी खाली लिहिलं होतं: 'आम्ही लांबच्या झाडाऐवजी सव्वा मीटरवरची खिडकीची चौकट धरली. वस्तू जवळ असल्यामुळे प्रतिमा नाभीच्या पुढे मिळाली.' मी त्यांना 5 पैकी 5 दिले. उत्तराचा 1 गुणही दिला, नियमाप्रमाणे देता येत नसताना.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाची वर्गाची सरासरी जवळपास मागच्या वर्षीइतकीच आली. गणिताचे सर म्हणाले, "बघा, काही वाढलं नाही." मुख्याध्यापक सर म्हणाले, "कमीही झालं नाही." बल्बचाच प्रश्न मी एप्रिलमध्ये थोडा फिरवून पुन्हा विचारला: दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेला तर काही माळा पूर्ण बंद का पडतात? कारण सांगणारे अठ्ठावीस झाले. हा प्रश्न परीक्षेत नव्हता, त्यामुळे तो कोणत्याही निकालात दिसत नाही.

पहिल्या नंबरची मुलगी वार्षिकला तिसरी आली. निकालाच्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर बराच वेळ रडली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "मला आता जास्त कळतं बाई, मग मार्क कमी का झाले?" लेखी पेपरात अजूनही पुस्तकातल्या ओळीला गुण होते आणि तिने दोन प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं होतं. एकाला पूर्ण गुण मिळाले, एकाला अर्धे. अर्धे ज्यांनी दिले त्यांनी नमुना उत्तराप्रमाणे तपासलं. मे महिन्यात तिच्या वडिलांनी तिला क्लास लावला. तिने मोकळेपणाने शिकायला सुरुवात केली होती, आणि त्याची किंमत तिलाच पडली. या प्रकरणातलं सगळ्यात जास्त हेच मला टोचतं.

जूनमध्ये हीच मुलं दहावीला गेली आणि यादी काचफलकात परत आली.

पुन्हा वेळ आली तर

सुरुवात यादीपासून करणार नाही, प्रश्नपत्रिकेपासून करीन. नववीची परीक्षा शाळाच घेते, प्रश्न आपणच काढतो. बल्बसारखे दोन प्रश्न लेखी पेपरात असते आणि स्वतःच्या शब्दांतल्या उत्तराला पूर्ण गुण द्यायचे हे सगळ्या विषय शिक्षकांनी आधी ठरवलं असतं, तर त्या मुलीला समजण्यात आणि गुण मिळवण्यात एक निवडावं लागलं नसतं. मी माझा कोपरा बदलला आणि तिला जुन्याच पेपराला बसवलं.

गणिताच्या सरांना सुरुवातीलाच सोबत घ्यायला हवं होतं. बैठकीत ते एकीकडे, मी एकीकडे असं झालं आणि पुढे कोणाचं बरोबर यातच सत्र गेलं. वर्षाच्या शेवटी त्यांनी स्वतःहून सांगितलं की भूमितीत आकृती उलटी काढली, ABC च्या जागी PQR लिहिलं की 'अ' तुकडीतलीही मुलं गडबडतात. हे त्यांना किती वर्षांपासून माहीत होतं. मी विचारलं असतं तर ऑगस्टमध्येच कळलं असतं.

वडिलांच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवीन. 'तुलना करू नका' हे उत्तर नव्हे. अकरावीला तुलना होणारच आहे, तेव्हा त्यांना नंबरची चौकशी करायचा हक्क आहे. वर्षातून दोनदा, सत्र संपल्यावर, विचारायला आलेल्या पालकांना बंद पाकिटात नंबर द्यायला माझी हरकत नाही. प्रत्येक चाचणीनंतर भिंतीवर लावायला आहे.

आणि त्या चार पर्यायांवर मुलांना काय वाटतं, हे आम्ही एकालाही विचारलं नाही. दीड तासाच्या बैठकीत 46 पैकी कोणाचंही बोलणं नव्हतं. रिवाइंडिंगवाल्याच्या मुलाने नंतर सहज सांगितलं की यादी असण्यापेक्षा नंबरप्रमाणे बसवण्याचा त्याला जास्त त्रास व्हायचा. मागून फळा दिसत नव्हता. त्याला चष्मा लागला आहे हे डिसेंबरात कळलं.

या वर्षी प्रयोगशाळेसाठी चार मल्टिमीटर मागवले आहेत. जर्नलचा एक नियमही बदलला आहे: निरीक्षण तक्ता पेनानेच लिहायचा. रीडिंग चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा लिहायचा. खोडरबर प्रयोगशाळेच्या दाराशी डब्यात ठेवून आत यायचं.